डाळिंबावरचे डाग आणि आम्लवर्षा

प्रश्न : दक्षिण सोलापूर तालुक्यात आमची डाळिंबाची बाग आहे. पहिल्या पावसानंतर पानांवर आणि फळांवर काळपट डाग दिसू लागले. कोळशावरच्या वीजकेंद्राच्या धुरामुळे आम्लवर्षा झाली, असे गावात बोलले जाते. आम्लवर्षा कशी होते आणि हे डाग तिचेच असतील का?
– एक वाचक, सोलापूर

उत्तर : आधी डागांविषयी. सुरुवातीला पाणी शोषल्यासारखे तेलकट दिसणारे, पुढे काळे पडणारे डाग आणि त्या जागी फळाला गेलेले तडे, ही लक्षणे असतील तर तो बहुधा तेल्या आहे. हा जिवाणूजन्य रोग पावसाच्या शिंतोड्यांतून व वाऱ्याबरोबर पसरत असल्यामुळे पावसाकडे बोट दाखवले जाणे स्वाभाविक आहे, पण त्याचा आम्लाशी संबंध नाही. रोगट पाने व फळे केगावच्या राष्ट्रीय डाळिंब संशोधन केंद्रात दाखवून खात्री करून घ्यावी.

आता आम्लवर्षेविषयी. हवेतील कार्बन डायऑक्साइड विरघळत असल्यामुळे स्वच्छ पावसाचा सामूही (पीएच, म्हणजे आम्लता दाखवणारा आकडा; ७ म्हणजे उदासीन, त्याहून कमी म्हणजे आम्लधर्मी) सुमारे ५.६ असतो, आणि त्याहून कमी सामू असलेल्या पावसाला ढोबळमानाने आम्लवर्षा म्हणतात. दगडी कोळशातील गंधक जळून सल्फर डायऑक्साइड तयार होतो, तर भट्ट्यांतील व इंजिनांतील प्रचंड उष्णतेमुळे हवेतल्याच नायट्रोजनची ऑक्साइडे बनतात. या वायूंचे गंधकाम्ल व नायट्रिक आम्ल धुराड्याच्या तोंडाशीच होत नाही. त्याला काही तासांपासून काही दिवस लागतात आणि तेवढ्या अवधीत वारा त्यांना शेकडो किलोमीटर दूर नेऊ शकतो. ब्रिटन व मध्य युरोपातील धुराचा फटका स्वीडन-नॉर्वेच्या तळ्यांना बसला तो यामुळेच, आणि १९७९ साली जिनिव्हा येथे सीमापार वायुप्रदूषणाविषयी करार करावा लागला. त्या तळ्यांत केवळ पाण्याच्या आम्लतेनेच मासे मेले असे नव्हे, तर आम्लामुळे मातीतून सुटलेले ॲल्युमिनियम पाण्यात उतरून त्यांच्या कल्ल्यांवर साचले. जंगलांच्या जमिनीतून हेच पाणी कॅल्शियम व मॅग्नेशियम धुऊन नेते, त्यामुळे झाडे दुबळी होतात.

सोलापूरकडे मात्र निसर्गाने एक उतारा ठेवला आहे. येथील बहुतेक काळी जमीन चुनखडीयुक्त असून तिचा सामू साधारणतः आठच्या आसपास असतो. उन्हाळाभर उडालेली धूळ पहिल्या सरींत मिसळते आणि तिच्यातील कॅल्शियम कार्बोनेट थेंबांतील आम्लाचा बराचसा भाग निष्प्रभ करते. वळवाच्या पावसानंतर मोटारीच्या काचेवर वाळून राहणारे पांढुरके ठिपके बहुतांशी या धुळीचेच असतात. अर्थात, एवढ्यावरून हवा स्वच्छ आहे असे समजणे भाबडेपणाचे ठरेल, कारण धूळ थेंबातील आम्ल मारते, श्वासावाटे जाणारा सल्फर डायऑक्साइड व सल्फेटचे सूक्ष्म कण तसेच राहतात. कोकणातल्या जांभ्याच्या जमिनीला तर हा उताराही नाही, कारण ती मुळातच आम्लधर्मी असते.

तरीही पडताळा घ्यायचा असेल तर स्वच्छ प्लास्टिकचे भांडे झाडांपासून दूर, उंचावर ठेवावे आणि पाऊस सुरू झाल्यावरच उघडावे. पहिल्या सरीचे व अर्ध्या तासानंतरचे पाणी वेगवेगळे जमवून दोन्हींचा सामू लगेच तपासावा. धूळ धुऊन गेल्यानंतरचे दुसरे पाणीच अधिक बोलके असते.