वाचकांचे प्रश्न : महोत्सवात कुणाला गाठायचे, हातात काय ठेवायचे?

प्रश्न : आमचे हौशी मंडळ कला अकादमीच्या स्पर्धेत आणि देवळांच्या उत्सवांत नाटके करते. डिसेंबरात सेरेंडिपिटी कला महोत्सवाला बाहेरचे आयोजक पणजीत येतात. आम्ही दरवर्षी जातो, दोन नाटके बघतो आणि कुणाशी न बोलता परत येतो. ओळखी करायच्या कशा? (माशेल)

उत्तर : उत्सवाच्या नाटकाला समितीतला एक वजनदार माणूस हो म्हणाला की तारीख पक्की. महोत्सवात हा होकार तिघांत वाटलेला असतो. क्युरेटर निवड करतो. निर्मिती सांभाळणारा तारखा आणि पैसे बघतो. तांत्रिक प्रमुख 'हे आमच्या रंगमंचावर बसत नाही' म्हणाला की झालेली निवडही गळते. 2016 पासून भरणाऱ्या सेरेंडिपिटीत नाटक, नृत्य, संगीत यांचे क्युरेटर वेगवेगळे असतात आणि बदलतही राहतात. सगळे त्यांच्याभोवती गर्दी करतात. तुम्ही निर्मितीच्या आणि तांत्रिक माणसांकडे वळा, ती वर्षभर वेगवेगळ्या महोत्सवांत काम करत असतात.

कार्यक्रमपत्रिका जाहीर झाली की चार-पाचच नावे काढा आणि पंधरा दिवस आधी सहा ओळींचा मेल टाका. प्रयोगाआधी किंवा प्रयोग संपल्या संपल्या रंगपटाच्या दारात उभे राहू नका. तिथे कुणी रंग पुसत असतो, कुणी सामान मोजत असतो. चर्चा, कार्यशाळा आणि त्यांच्यामधला चहा, एवढ्याच जागा कामाच्या. बऱ्याच कार्यक्रमांना आधी ऑनलाइन नोंदणी लागते, ती चुकली तर फाटकावरच वाद घालत बसाल.

बोलणे अर्ध्या मिनिटाचे ठेवा : नाटक कशावर आहे, किती मिनिटांचे, किती माणसांचे, पुढचा प्रयोग कधी आणि कुठे. 'आमचे नाटक एकदा बघा हो' याला माणूस मान डोलावतो आणि विसरतो. 'अमुक तारखेला फोंड्याला राजीव गांधी कला मंदिरात प्रयोग आहे, दोन खुर्च्या ठेवू का?' याला हो किंवा नाही म्हणावेच लागते. फोनवर चित्रफीत दाखवायचा मोह आवरा. गर्दीत आवाज ऐकू येत नाही आणि समोरच्याला सुटका हवी असते. मेलचा पत्ता घ्या, तीन दिवसांत मेल करा, पहिल्या ओळीत कुठे भेटलो ते लिहा.

आणि एक. रात्री उशिरा सुरू होऊन पहाटेपर्यंत रंगणारे तीन अंकी नाटक उत्सवात खपते. महोत्सवात बहुतेक वेळा साठ ते नव्वद मिनिटे मिळतात. मोठ्या नाटकाचे तुकडे पाडून ते बसवू नका, दुसरे नाटक घेऊन जा.

प्रश्न : आयोजकांनी 'पूर्ण प्रयोगाचे रेकॉर्डिंग आणि टेक रायडर पाठवा' असे कळवले आहे. नक्की काय पाठवायचे? (साखळी)

उत्तर : रेकॉर्डिंग एकाच कॅमेऱ्याचे, प्रेक्षागृहाच्या मागून, मध्यभागातून, ट्रायपॉडवर, न कापलेले. संगीत घातलेली तीन मिनिटांची झलक सोबत चालेल, पण निवड समिती पूर्ण प्रयोगच बघते. कॅमेरा ऑटोवर ठेवला की काळोख्या रंगमंचावर स्पॉटमधले चेहरे पांढरेफटक पडतात. एक्स्पोजर (कॅमेऱ्यात येणारा प्रकाश) हाताने ठरवा, एक-दोन स्टॉप, म्हणजे टप्पे, खाली. आवाज मिक्सरमधून घ्या आणि प्रेक्षागृहात एक माइक वेगळा लावा, नाहीतर प्रेक्षकांचा हशाच येत नाही. यूट्यूबची अनलिस्टेड (लिंक असेल त्यालाच दिसणारी) लिंक द्या. ड्राइव्हची लिंक परवानगी मागते आणि परीक्षक पुढच्या अर्जाकडे जातो.

रायडर म्हणजे प्रयोगाच्या तांत्रिक गरजांची यादी, ती दोन पानांची पुरे. रंगमंचाची किमान रुंदी, खोली, उंची फुटांत. विंगा किती. दिवे कुठल्या प्रकारचे आणि किती, डिमरचे (दिवे कमी-जास्त करणाऱ्या यंत्राचे) चॅनेल किती. मांडायला किती तास, उतरवायला किती. संचात माणसे किती. सोबत दिव्यांचा नकाशा.

विजेचा हिशेब मात्र स्वतः करा. एक किलोवॉटचे 12 पार दिवे म्हणजे 12 किलोवॉट, 230 व्होल्टवर सुमारे 52 अँपिअर. तो भार तीन फेजवर वाटला तर प्रत्येकी साधारण 17. उघड्या मैदानावर हे आधी सांगितले नाही तर पहिल्याच पूर्ण प्रकाशाला वीज ट्रिप होणार हे ठरलेले.

स्पर्धेसाठी उभारलेला प्लायवूडच्या दिवाणखान्याचा सेट महोत्सवात अडचण होतो. त्याच रंगमंचावर दुसऱ्या दिवशी दुसरे नाटक असते आणि मांडायला चार-सहा तासच मिळतात. वाहतुकीचेही तसेच. टाटा एस या छोट्या टेम्पोचा हौदा जेमतेम सात फूट लांब, आठ फुटी फ्लॅट (नेपथ्याची भिंतीसारखी चौकट) मागून बाहेर येतो. बिजागऱ्या लावून दुमडणारे फ्लॅट केलेत तर टेम्पो एकच लागेल.

प्रश्न : व्हिजिटिंग कार्ड अजून चालते का? (म्हापसा)

उत्तर : चालते. मागे क्यूआर छापा, तो थेट रेकॉर्डिंगच्या पानावर उघडू दे, मंडळाच्या फेसबुकवर नको.

प्रश्न : बोलावणे आलेच तर होकार देण्याआधी काय विचारावे? (काणकोण)

उत्तर : मानधन, प्रवास, मुक्काम, भत्ता आणि नेपथ्याची वाहतूक या पाच रकमा वेगवेगळ्या लिहून मागा. 'सगळे धरून' दिलेला आकडा वाहतुकीतच संपतो. पैसे मंडळाच्या नावाने येणार असतील तर खाते आणि पॅनही मंडळाच्याच नावाचे हवेत, चिटणिसाच्या खात्यात ते जमा होत नाहीत. शास्त्रीय किंवा लोककलेच्या प्रयोगासाठी कलाकाराला प्रयोगामागे दीड लाखापर्यंतच्या मानधनावर जीएसटीची सूट आहे. आधुनिक नाटक त्यात बसते असे परस्पर धरू नका, सीएला विचारा.

महोत्सव महाराष्ट्रात असेल तर संहितेला तिथल्या रंगभूमी प्रयोग परिनिरीक्षण मंडळाचे प्रमाणपत्र लागते. गोव्यातल्या मंडळांच्या हे शेवटच्या आठवड्यात लक्षात येते. लेखकाने स्पर्धेपुरती दिलेली परवानगी महोत्सवाला पुरत नाही. नवे पत्र घ्या, त्यात प्रयोगांची संख्या आणि रेकॉर्डिंग ऑनलाइन ठेवण्याची संमती असू द्या. नाटकात सिनेमाचे गाणे वाजत असेल तर परवान्याचे पैसे आयोजक भरणार की मंडळ, तेही करारात येऊ द्या.