खेळाडूंचा कट्टा : चार गुणांचा मुलगा

प्रश्न : मुलगा शाळेच्या बास्केटबॉल संघात आहे. सामन्यात त्याचे गुण चार, फार तर सहा. तरी सर त्याला बाहेर काढत नाहीत. घरी येऊन मात्र हिरमुसतो. काय सांगू? – एक आई, परळ

उत्तर : ताई, त्याला शेन बॅटिएर दाखवा. एनबीएमध्ये, म्हणजे अमेरिकेतल्या व्यावसायिक बास्केटबॉल लीगमध्ये, १३ हंगाम खेळला, सरासरी जेमतेम साडेआठ गुण. उडी यथातथाच, ड्रिबलिंग तर विचारूच नका! पण कोबी ब्रायंटसारख्या गुणांचा पाऊस पाडणाऱ्या खेळाडूला रोखायला ह्यूस्टनचा संघ त्यालाच पुढे करायचा. तो चेंडू अडवायला झेपावत नसे. कोबी शॉट मारायला उठला, की याचा पंजा थेट त्याच्या डोळ्यांसमोर. शिवाय कोबीचा नेम कुठून कमी लागतो, हे आकडे वाचून आलेला. त्याला तिकडेच ढकलायचा. धावून येणाऱ्यासमोर पाय रोवून उभं राहायचं आणि धडक खाऊन त्याच्यावर फाउल लावून घ्यायचा, हेही त्याचंच काम. पुढे मायामीच्या संघाकडून २०१२ आणि २०१३ ची विजेतेपदं मिळाली. २०१३ च्या अंतिम मालिकेत, निर्णायक सातव्या सामन्यात, या पठ्ठ्याने आठपैकी सहा थ्री-पॉइंटर (लांबून मारलेले तीन गुणांचे शॉट) टाकले.

नागपाड्याच्या कोर्टवर आमच्यातही असा एकजण होता. त्याला आपल्या संघात घ्यायला भांडणं व्हायची. टाळ्या मात्र आम्ही खायचो.

पुढच्या सामन्याला वही न्या. तुमचा मुलगा ज्याला रोखायला उभा राहतो, त्याचे गुण लिहा. मग ती वही मुलासमोर ठेवा.