चौथा महिना सुरू आहे, वाळूज किंवा लातूरमध्ये नोकरी शोधतेय. मुलाखतीत गरोदरपण सांगावंच लागेल का?

नाही ताई, मुलाखतीत स्वतःहून सांगण्याची सक्ती तुमच्यावर नाही आणि या कारणावरून कुणी तुम्हाला अडवणंही चुकीचं आहे. नीरा माथुर यांच्या खटल्यात सर्वोच्च न्यायालयाने 1991 मध्ये एलआयसीच्या नोकरीच्या फॉर्ममधले पाळी-गरोदरपणाचे प्रश्न काढून टाकायला सांगितले होते. मात्र तुम्ही घाई करा, कारण खरा प्रश्न 80 दिवसांचा आहे. प्रसूतीच्या अपेक्षित तारखेआधीच्या 12 महिन्यांत त्याच मालकाकडे 80 दिवस काम झालं असेल तरच कायद्याने पगारी प्रसूती रजा मिळते. पहिल्या दोन मुलांसाठी ती 26 आठवड्यांची असते, त्यातले जास्तीत जास्त 8 प्रसूतीआधी घेता येतात. म्हणजे महिनाभरात रुजू झालात तर हिशेब बसतो. एक अडचण ध्यानात ठेवा: दहापेक्षा कमी माणसं असलेलं दुकान, ऑफिस किंवा लातूरातला लहान क्लास या कायद्यात येत नाही. वाळूजचे कारखाने येतात, पण तिथे ईएसआय (कामगार राज्य विमा योजना) तुम्हाला लागू असेल तर हा लाभ त्या योजनेतून आणि तिच्या वेगळ्या अटींवर मिळतो. तिथे कंत्राटदारामार्फत लागलात तरी हक्क जात नाही, पण नेमणुकीचं पत्र, हजेरी आणि पगाराच्या पावत्या पहिल्या दिवसापासून जपा, नाहीतर 80 दिवस सिद्ध करणं फार जड जातं. रुजू झाल्यावर रजेची नोटीस लेखीच द्या आणि पोच घ्या. उभ्याने किंवा वजन उचलायचं काम असेल तर मात्र सुपरवायझरला आधीच सांगा, तिथे लपवू नका.