शनिवारच्या 156 तासांचा हिशेब

प्रश्न : मुलगा 24 वर्षांचा. बीएस्सी आयटी करून ऐरोलीत नोकरीला. दर शनिवारी 3 तास ठाण्यातल्या आपल्या जुन्या कॉलेजात जातो, मुलांचे स्कॉलरशिपचे फॉर्म बघतो, मॉक इंटरव्ह्यू घेतो. पैसे शून्य. वर्षाचे 156 तास वाया. तेवढ्यात एमबीए सीईटी झाली असती. त्यानं आधी घराचं फेडावं. कॉलेजला द्यायचं ते इन्फोसिसवाल्या नंदन निलेकणींसारख्यांनी द्यावं. म्हणे, दुसऱ्या वर्षी त्याची स्कॉलरशिप अडकली तेव्हा एका सिनियरनं मदत केली होती! निदान या कामाच्या सर्टिफिकेटचा ॲडमिशनला उपयोग होतो का? मी अकाउंट्समधून निवृत्त आहे.
– एक वडील, कळवा

उत्तर : सर्टिफिकेटचं आधी उरकतो. सीईटीनंतरच्या कॅप, म्हणजे केंद्रीय प्रवेशाच्या फेरीत पर्सेंटाइल बघतात, या कागदाला तिथे गुण नाहीत. आणि नोकरी सांभाळून सीईटी देणारे ढिगानं आहेत.

मी अडकलो ते 156 वर. गुणाकार अर्थातच बरोबर आहे. पण पोरगा तलावपाळीला मित्रांबरोबर किती वेळ बसतो, मोबाइलवर किती घालवतो, याचा आकडा पत्रात नाही. मांडलेत फक्त हेच तास. ‘आधी घराचं फेडावं’ हे वाक्य वाचलं आणि उलगडा झाला. कमावत्या मुलानं घराला हातभार लावावा, जरूर लावावा, किती ते समोरासमोर बसून ठरवा. शिक्षणाचं बिल मात्र त्याच्या हातात ठेवू नका. ते कधी फिटत नाही, आणि मुलगा घरी उशिरा यायला लागतो.

आता निलेकणी. 1973 साली आयआयटी मुंबईत पाऊल ठेवल्याला 50 वर्षं झाली म्हणून 2023 मध्ये त्यांनी संस्थेला 315 कोटी दिले. तुमचा समज असा की, परतफेड ही मोठं झाल्यावर, चेकनं करायची गोष्ट. पण महाडीबीटी या सरकारी स्कॉलरशिप पोर्टलवरचा फॉर्म ‘सेंड बॅक’ होऊन परत आला, खात्याला आधार लिंक नाही, उत्पन्नाचा दाखला गेल्या वर्षीचा जोडलाय आणि ऑफिसातले ‘उद्या या’ म्हणताहेत, अशा वेळी दुसऱ्या वर्षाच्या पोरीला 315 कोटीवाला माणूस काय सांगणार? तिला हवा चार वर्षांपूर्वी त्याच खिडकीशी उभा राहिलेला. तुमच्या मुलाकडचं हे ज्ञान नाशवंत आहे. चाळिशीत त्याला यातलं काही आठवणार नाही, पोर्टलही बदललेलं असेल. म्हणून तो आत्ता जातो. त्या सिनियरनं त्याच्याकडून काही मागितलं नव्हतं, हेही त्याच्या लक्षात असणार. मुलाच्या या शनिवारांना तुम्ही लष्कराच्या भाकऱ्या म्हणाल, म्हणा.

एक काळजी मात्र खरी, आणि ती तुम्ही लिहिलेलीच नाही. कॉलेजांचा दर्जा ठरवणाऱ्या नॅक या संस्थेच्या मूल्यांकनात माजी विद्यार्थ्यांचा सहभाग हा एक मुद्दा असतो, त्यामुळे कॉलेजांना असे चेहरे हवेच असतात. उद्या त्याला फुकटात लेक्चर घ्यायला लावलं, ॲडमिशनच्या टेबलावर बसवलं, तर त्यानं सरळ नाही म्हणावं. ते कॉलेजचं पगारी काम आहे.

राहिली एमबीए. अख्ख्या पत्रात ती त्याला करायचीय का, याबद्दल एक शब्द नाही. पुढचं पत्र त्यानं लिहावं. आणि पाठवण्याआधी ते तुम्ही वाचू नका.