नॅस्कार मोठं केलं ते केबलने की डेटोनाने?

प्रश्न असा आहे: अमेरिकेतल्या नॅस्कार या संस्थेच्या स्टॉक कार शर्यती (दिसायला नेहमीच्या मोटारींसारख्या गाड्यांच्या) १९७९च्या ‘डेटोना ५००’ या शर्यतीमुळे देशभर पोहोचल्या असं सगळीकडे वाचायला मिळतं, मग यात केबल चॅनेलांचा वाटा किती?

माझ्या मते केबलचा वाटा जास्त. नोकरीमुळे काही वर्षं शार्लटला राहिलो आणि तिथेच मला या शर्यतींचं वेड लागलं, म्हणून जरा सविस्तर लिहितो.

डेटोनाची गोष्ट खरीच आहे. १८ फेब्रुवारी १९७९ला सीबीएसने ५०० मैलांची ही शर्यत पहिल्यांदाच सुरुवातीपासून शेवटपर्यंत थेट दाखवली. पूर्वेकडची माणसं बर्फामुळे घरात अडकलेली. शेवटच्या फेरीत सर्वांत पुढे असलेले केल यारबरो आणि डॉनी अ‍ॅलिसन एकमेकांवर आदळले, मागून आलेला रिचर्ड पेटी जिंकला आणि पाठोपाठ ट्रॅकच्या कडेला हाणामारी. पण सीबीएस म्हणजे अँटेनावर फुकट दिसणारं नेटवर्क. त्याने एक रविवार गाजवला. वर्षभरातल्या बाकीच्या तीसएक शर्यती कोण दाखवणार?

त्याच वर्षी सप्टेंबरमध्ये ईएसपीएन हे केबल चॅनेल सुरू झालं. दिवसरात्र खेळ दाखवायचे, पण मोठ्या खेळांचे हक्क आवाक्याबाहेर. इकडे प्रत्येक ट्रॅकचा मालक आपल्या शर्यतीचे टीव्हीहक्क स्वतःच विकायचा आणि त्याला गिऱ्हाईक हवंच होतं. १९८१पासून ईएसपीएनवर शर्यती दिसू लागल्या. पुढे टीबीएस आणि नॅशव्हिलचं टीएनएन ही केबल चॅनेलंही आली. एकाच मोसमात आज या चॅनेलवर, पुढच्या रविवारी त्या चॅनेलवर, असा प्रकार होता.

केबलचं खरं देणं मला रविवारच्या पलीकडचं वाटतं. आदल्या दिवसांच्या पात्रता फेऱ्या, आठवडाभराच्या बातम्या, ड्रायव्हरांशी गप्पा, छोट्या ट्रॅकवरच्या शर्यती, हे सगळं केबलने दाखवलं. ईएसपीएनच्या ‘थर्सडे नाइट थंडर’वर छोट्या गाड्या पळवणारा पोरगेला जेफ गॉर्डन प्रेक्षकांना आधीच ठाऊक होता. पुढे ‘आरपीएम टुनाइट’ने मोटार शर्यतींच्या बातम्या रोज रात्री द्यायला सुरुवात केली.

या सगळ्याचं फळ बघायचं तर १५ नोव्हेंबर १९९२ची अटलांटाची शर्यत बघा. तीही ईएसपीएनवरच झाली. पेटीची शेवटची शर्यत, गॉर्डनची कपमधली (म्हणजे नॅस्कारच्या सर्वांत वरच्या मालिकेतली) पहिली, आणि मोसमाच्या विजेतेपदाच्या हिशेबात सहा ड्रायव्हर. शर्यत बिल एलियट जिंकला, पण मोसमाचं विजेतेपद १० गुणांनी अ‍ॅलन कुलविकीला मिळालं. कारण या शर्यतीत कुलविकी १०३ फेऱ्यांमध्ये पहिल्या क्रमांकावर होता आणि एलियट १०२ फेऱ्यांमध्ये. सर्वाधिक फेऱ्यांमध्ये पहिला राहणाऱ्याला जादा ५ गुण असत. ती एक फेरी इकडची तिकडे झाली असती, तर दोघांचे गुण सारखे होऊन जास्त शर्यती जिंकलेला एलियट विजेता ठरला असता. वर्षभर आकडेमोड ऐकत आलेल्या प्रेक्षकालाच यातली धडधड कळते, आणि तो प्रेक्षक केबलने घडवला होता.

१९९९ला नॅस्कारने सगळे हक्क एकत्र करून फॉक्स, एनबीसी आणि टर्नर (टीबीएसची मालक कंपनी) यांना सहा वर्षांसाठी सुमारे २४० कोटी डॉलरला विकले. २००१पासून हा करार लागू झाला आणि ट्रॅकवाल्यांचे वेगवेगळे सौदे संपले. ईएसपीएन बाहेर पडलं, ते २००७ला परतलं. मधल्या काळात घरोघरच्या शौकिनांचा आधार होता स्पीड चॅनेल. १९९६ला ते स्पीडव्हिजन म्हणून सुरू झालं होतं, फॉक्सने ते घेतलं आणि २०१३ला त्याचं फॉक्स स्पोर्ट्स १ केलं. नुसत्या गाड्यांना वाहिलेलं चॅनेल त्या दिवशी गेलं.

२००९ला स्पीडवर सुरू झालेला ‘रेस हब’ मात्र नव्या चॅनेलवरही टिकला. संध्याकाळी जेवताना मी तो लावायचो. २०२४मध्ये तोही बंद झाला, आणि मला मनापासून वाईट वाटलं.