पाटी नको, पगार दे

प्रिय पोरी,

शालोम. बोनसच्या पैशातून अलिबागच्या इस्राएल आळीतल्या सिनेगॉगात, आपल्या ज्यू प्रार्थनाघरात, आजोबांच्या नावाची संगमरवरी पाटी बसवावी, की माणसंच उरली नाहीत तिथे पैसा घालूच नये, असं तू विचारतेस. द्यावं का, यावर मी बोलणार नाही. तू देणारच. कशाला द्यावं, तेवढं ऐक: चालू खर्चाला दे.

ते सिनेगॉग, मागेन अबोथ, 1848 चं. तेव्हापासून ते टिकलं ते रोज दार उघडणाऱ्या माणसामुळे. शाम्माशचा, म्हणजे सिनेगॉगची देखभाल करणाऱ्याचा पगार, विजेचं बिल, पावसाळ्यानंतर कबरस्तानातलं गवत काढायची मजुरी, सेफेर तोराला, धर्मग्रंथाच्या हस्तलिखित गुंडाळीला, दमट हवेपासून जपणं. या खर्चावर कुणाचं नाव कोरत नाहीत, म्हणून त्याला कुणी पैसे देत नाही. तू त्यालाच दे.

1948 नंतर आपली बहुतेक बेने इस्राएल माणसं इकडे इस्रायलला आली. जी मागे राहिली त्यांनी नवगावच्या कबरी राखल्या, अलिबागजवळच्या खंडाळ्याला एलियाहू हन्नबीच्या, म्हणजे प्रेषित एलियाच्या, पवित्र खडकावर मलिदा हा आभाराचा विधी चालू ठेवला. काय हवं ते त्यांना विचार. लोद किंवा अश्दोदमध्ये बसून आपण ठरवायचं नाही.

मुंबईची इस्राएली शाळा बघ. हाइम सॅम्युएल केहिमकरांनी 1875 साली काढली, पुढे तिला सर एली कदूरींचं नाव लागलं. आज तिथली बहुतेक मुलं ज्यू नाहीत, तरी वर्ग भरतात. नाव कुणाचंही असो, मास्तरांना पगार मिळाला म्हणून शाळा चालली. मला तेच दान मोठं वाटतं.

इथल्या काही जणांनी मला कंजूष ठरवलं, कारण पाट्यांच्या वर्गणीला मी कधी हात लावला नाही. अजूनही लावणार नाही. गावचा शाम्माश म्हातारा झाला तेव्हा त्याचा पगार थांबला नाही, एवढं मला पुरतं. खंत एकच आहे. मिन्यानला, म्हणजे सामूहिक प्रार्थनेला, दहा पुरुष लागतात; नऊ जमले की दहाव्याची वाट बघत बसतात, आणि तिथे माझ्या पैशाचा काही उपयोग नाही.

आता व्यवहाराचं. इस्रायली नागरिकत्व घेतलंस म्हणजे कायद्याने तुझा पैसा परदेशी. ट्रस्टकडे एफसीआरए (परदेशी देणग्यांचा भारतीय कायदा) खाली नोंदणी किंवा पूर्वपरवानगी नसेल तर त्याला तो घेता येत नाही. असेल तर 2020 च्या दुरुस्तीपासून तो आधी स्टेट बँकेच्या दिल्लीतल्या मुख्य शाखेतच जमा व्हावा लागतो. कुणाच्या तरी पिशवीतून रोकड पाठवू नकोस. उद्या त्रास तिथल्या ट्रस्टींना होईल, तुला नाही. आणि एकरकमी देऊन मोकळी होऊ नकोस. दर वर्षी झेपेल तेवढंच, पण दर वर्षी. चालू खर्चाला!

या आठवड्यात ट्रस्टींना फोन कर, गेल्या वर्षीचा जमाखर्च माग, शाम्माशला किती देतात ते विचार. आकडा कळला की मला लिही. निम्मा मी उचलतो.

तुझा,
काका