दुधाच्या पिशवीपासून सुरू होणारे शिक्षण

पुणे

प्रिय डॉक्टर,

अनेक आशीर्वाद.

बालदंतचिकित्सा विभागात अध्यापक म्हणून तू रुजू झालीस आणि तिसऱ्या व अंतिम वर्षाच्या विद्यार्थ्यांच्या पोस्टिंगची, म्हणजे विभागात पाळीने काम शिकण्याच्या काळाची, जबाबदारी तुझ्याकडे आली, हे वाचून फार आनंद झाला. मुलांच्या दातांना होणाऱ्या इजा विद्यार्थ्यांना नेमक्या कशा शिकवाव्यात, असे तू विचारले आहेस. कीड लागलेल्या दाढा आपल्या ओपीडीत रोज येतात आणि त्यांवर विद्यार्थ्यांचा हात आपोआप बसतो. सायकलवरून पडून पटाशीचा दात निखळलेले मूल मात्र पोस्टिंगचे वेळापत्रक पाहून येत नाही, आणि ज्या दिवशी येते त्या दिवशी खुर्चीभोवती दहा विद्यार्थी उभे असले तरी प्रत्यक्ष काम एखाद्यालाच मिळते. म्हणून आयुष्यात कदाचित एकदाच समोर येणाऱ्या प्रसंगासाठी विद्यार्थ्याला आधीपासून तयार करणे, हे तुझे खरे काम आहे.

माझी एक चूक तुला सांगते, कारण पुढे मी जे शिकविले ते बहुतांशी तिच्यातून आलेले आहे. नोकरीच्या सुरुवातीच्या वर्षांत एका दुपारी विभागातला फोन मी उचलला. कोथरूडमधून एक आई बोलत होती. तिचा नऊ वर्षांचा मुलगा सोसायटीच्या जिन्यात पडला होता आणि वरचा पुढचा दात मुळासकट बाहेर आला होता. मी एवढेच म्हणाले, "ताबडतोब घेऊन या." ती बिचारी रिक्षा शोधत, गर्दीतून वाट काढत दीड तासाने पोहोचली, आणि पर्समधून तिने टिश्यू पेपरात जपून गुंडाळलेला दात माझ्या हातावर ठेवला. तो पूर्ण कोरडा झाला होता. मुळाभोवतीच्या नाजूक पडद्यातल्या पेशी कोरड्या हवेत तासाभरात मरतात, हे मला परीक्षेपुरते पाठ होते. फोनवर बोलताना ते आठवले नाही. तिच्या स्वयंपाकघरात त्या वेळी दुधाची पिशवी नक्की असणार, आणि दात तेवढ्या दुधात टाकायला सांगणे माझ्या हातात होते. दात आम्ही तरीही बसविला, आणि ते योग्यच होते, कारण उशिरा बसविलेला दातही वाढत्या वयात काही वर्षे जागा आणि हाड सांभाळतो. पण पुढे तो हाडाला चिकटला, मुलगा वाढत गेला तसा शेजारच्या दातांच्या तुलनेत वर राहिला, आणि अखेरीस गेला.

तेव्हापासून पहिल्या तासिकेला मी विद्यार्थ्यांच्या हातात उपकरण न देता फोन देते. एकाने घाबरलेली आई व्हायचे, दुसऱ्याने डॉक्टर. मूल बेशुद्ध झाले होते का, उलटी झाली का, हे प्रथम विचारायचे, कारण डोक्याला मार असेल तर आधी रुग्णालय आणि मग आपण. लगेच वय विचारायचे. दुधाचा दात निखळला असेल तर तो कधीही परत बसवायचा नाही, त्याच्यामागे वाढणाऱ्या कायमच्या दाताला त्याने इजा होऊ शकते. तो फक्त बरोबर आणायला सांगायचा. दात कायमचा असेल तर पांढऱ्या भागाला धरून उचलायचा, मुळाला बोट लावायचे नाही, घासायचे नाही, माती लागली असेल तर दुधाने हलकेच धुवायचा, शक्य असल्यास तिथल्या तिथे जागेवर बसवून मुलाला स्वच्छ रुमाल चावून धरायला सांगायचे, आणि ते जमत नसेल तर दुधात ठेवून निघायचे. पाण्यात ठेवू नका, हे आवर्जून सांगायचे, कारण बहुतेक घरांत पहिला हात पाण्याच्या पेल्याकडेच जातो. हे सगळे रडणाऱ्या मुलाच्या आवाजावर, एका मिनिटात, आईला समजेल अशा मराठीत सांगता आले पाहिजे. व्हायवामध्ये, म्हणजे तोंडी परीक्षेत, सगळे घडाघडा सांगणारे विद्यार्थी या एका मिनिटात अडखळतात, आणि अडखळू दे. ते खुर्चीजवळ अडखळण्यापेक्षा बरे.

मूल आत आले की विद्यार्थ्याची नजर थेट दाताकडे जाते. त्याला दोन पावले मागे उभे कर. पुण्यात आईवडील दोघेही नोकरीला असतात आणि मुलाला आणणारी बहुधा आजी असते. "मी फक्त दळण आणायला खाली गेले होते हो," असे ती न विचारताच सांगते. त्या क्षणी "लक्ष नव्हते का तुमचे?" असा प्रश्न विद्यार्थ्याच्या तोंडून निघाला, तर पुढची माहिती अर्धवटच मिळेल हे त्याला आधीच सांगून ठेव. त्याच वेळी इजा आणि सांगितलेली हकीकत जुळत नसेल, किंवा वेगवेगळ्या दिवसांचे वळ दिसत असतील, तर त्याने उलटतपासणी न घेता शांतपणे नोंद करावी आणि तुला बाजूला बोलावून सांगावे. मुलांसाठीची 1098 ही हेल्पलाइन विभागाच्या भिंतीवर लिहिलेली असू दे.

दीड-दोन वर्षांच्या बाळाला मोठ्या खुर्चीत झोपवायचा आग्रह धरू नये. आई आणि डॉक्टर समोरासमोर, गुडघ्याला गुडघे लावून बसतात. बाळाचे पाय आईच्या कमरेशी आणि डोके डॉक्टरच्या मांडीवर. बाळ रडते, रडताना तोंड उघडते, आणि तेवढ्यात ओठाची आतली बाजू, हिरडी, दात सगळे पाहून होते. ही बैठक मोठ्या बाहुलीवर दोन-दोन जणांच्या जोडीने करवून घे. ओठ फाटला असेल आणि दाताचा तुकडा सापडत नसेल, तर तो ओठातच रुतलेला असू शकतो, म्हणून ओठाचाही एक्स-रे काढायचा, हे तेव्हाच सांग.

हाताच्या कौशल्यापैकी स्प्लिंट, म्हणजे सैल दाताला शेजारच्या दातांशी जोडून दिलेला आधार, मला सर्वांत महत्त्वाचे वाटते, कारण विद्यार्थी ते नेहमी गरजेपेक्षा घट्ट करतात. जबड्याच्या प्रतिकृतीत एक दात मेणात सैल बसवून दे आणि 0.4 मिलिमीटरपेक्षा जाड नसलेली तार कॉम्पोझिटने, म्हणजे दाताच्या रंगाच्या भरणीच्या मसाल्याने, लावायला सांग. मासेमारीच्या सामानाच्या दुकानात मिळणारी बारीक नायलॉनची दोरीही चालते. कॉम्पोझिट हिरडीपासून दूर राहिले का, हे नखाने पाहायला लाव आणि नंतर बोटाने दात हलवून दाखव. तो थोडासा हललाच पाहिजे. निखळून बसविलेल्या दाताला हा आधार साधारण 2 आठवडे लागतो, बाजूला सरकलेल्या दाताला 4 आठवडे, आणि ही मुदत केस पेपरवर पहिल्याच दिवशी लिहायची.

घाईने केलेल्या रूट कॅनालबद्दल मात्र कडक राहा. मार लागलेला दात थंड स्पर्शाच्या चाचणीला कित्येकदा 3 महिने किंवा त्याहूनही अधिक काळ उत्तर देत नाही आणि नंतर देऊ लागतो. एकाच चाचणीवर कोवळ्या मुळाच्या दातातला जिवंत पल्प, म्हणजे आतला नसा आणि रक्तवाहिन्यांचा मऊ गाभा, काढणे हे मुलाचे मोठे नुकसान आहे. दात तुटून पल्प उघडा पडला असला तरी पल्पचा वरचा साधारण 2 मिलिमीटर भाग काढून उरलेला वाचविता येतो, आणि मूळ त्यानंतर वाढत राहते. पूर्ण वाढलेल्या मुळाचा निखळलेला दात परत बसविला असेल तर गोष्ट वेगळी. तिथे 2 आठवड्यांच्या आत रूट कॅनाल सुरू करावे लागते. हा फरक विद्यार्थ्याने तुला एक्स-रेवर मुळाचे टोक दाखवून सांगावा.

आणि आता नोंदवहीविषयी. परत बसविलेला दात 2 आणि 4 आठवड्यांनी, 3 आणि 6 महिन्यांनी, वर्षाने, आणि पुढे किमान 5 वर्षे दरवर्षी पाहायचा असतो. विद्यार्थ्याची पोस्टिंग त्याच्या कितीतरी आधी संपते, म्हणून त्याने पाहिलेल्या केसचा शेवट त्याला कधीच कळत नाही, आणि आपण उपचार केलेला दात बरा होतोच अशा समजुतीतच तो बाहेर पडतो. मला आपल्या शिक्षणपद्धतीतली ही सर्वांत दुःखाची उणीव वाटते. एक साधी वही कर. प्रत्येक मुलापुढे एका विद्यार्थ्याचे नाव, आणि तो गेला की त्याने स्वतः पुढच्या विद्यार्थ्याला मूल दाखवून सोपवायचे. पालकांना तारखांपेक्षा सुट्ट्या लक्षात राहतात, तेव्हा "दिवाळीच्या सुट्टीत या, शाळा सुरू व्हायच्या आधी या" असे सांगितलेले अधिक पाळले जाते. इंटर्नशिपमध्ये असलेला मुलगा दोन वर्षांपूर्वी स्वतः तार लावलेल्या मुलीला पुन्हा भेटतो, तेव्हा एक्स-रे पाहताना त्याचा चेहरा कसा होतो, ते तू बघशीलच.

पावसाळ्यानंतर शाळांची मैदाने कोरडी झाली की विद्यार्थ्यांना जवळच्या महापालिकेच्या शाळेत घेऊन जा. मुख्याध्यापकांपुढे व्याख्यान ठेवू नकोस. खेळाच्या सरांना भेटा, आणि शाळा सुटण्याच्या अर्धा तास आधी फाटकापाशी उभ्या असलेल्या व्हॅनवाल्या काकांना भेटा, कारण मूल पडते तेव्हा जवळ हीच माणसे असतात. विद्यार्थ्याने सांगून झाले की काकांनी ते आपल्या शब्दांत परत सांगेपर्यंत तिथून निघायचे नाही, आणि त्यांनी "दात पाण्यात टाकायचा" असे म्हटले तर न चिडता पुन्हा पहिल्यापासून सांगायचे.

तुझी,
जुन्या विभागातली मॅडम